कोट राहिला

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. कतारमध्ये लोकरी कोटाचा जन्म म्हणजे थट्टाच. तिथल्या मदिनत अश शमाल या गावच्या अबूबकर शिंप्यानं मला शिवलं, तेव्हा तोही घाम पुसत हसत होता.

कतारमधल्याच दुखान शहरातल्या मराठी मंडळींनी एक जुनं रशियन नाटक मराठीत बसवलं होतं. उतरती कळा लागलेलं एक जमीनदार घराणं. बाग विकली जाते, सगळे गाड्यांत बसून निघून जातात आणि म्हातारा नोकर बंद घरात विसरला जातो. मालकीणबाई झाल्या शशिकलाताई, त्यांचा बडबड्या भाऊ झाले इंजिनिअर गुरुप्रसाद. नोकराच्या कामाला कुणी तयार होईना, म्हणून दूरच्या मेसईद शहरातले बसड्रायव्हर बाजीराव आले. मी त्यांचा कोट. माझं कौतुक फार व्हायचं. विसरलेल्या नोकरासाठी शशिकलाताई तर दर तालमीत रडायच्या.

प्रयोग संपला की डांबरगोळ्यांसकट मी पेटीत. वर्षभर काळोख. खरं सांगतो, जीव गुदमरतो.

यंदा प्रयोग लांबला, ऐन उन्हाळ्यात आला. बाजीराव रात्रपाळी करून आले होते. शेवटच्या प्रवेशात ते सोफ्यावर आडवे झाले, पडदा पडला आणि त्यांना खरोखरच झोप लागली. मंडळी जेवायला गुरुप्रसादांकडे निघाली. बाजीराव दुसऱ्याच्या गाडीत असतील, असं प्रत्येकाला वाटलं. एसी बंद झाला, हॉलला बाहेरून कुलूप लागलं.

बाजीराव जागे झाले. प्रयोगाआधी गोळा केलेले सगळ्या नटांचे फोन शशिकलाताईंच्या पर्समध्ये होते. संध्याकाळी मेसईदला ड्युटी होती. ती चुकली तर नोकरीवर गदा. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. शुक्रवारची, सुट्टीची दुपार, ऐकायला कुणी नव्हतं. मी त्यांच्या घामानं भिजलो आणि फार घाबरलो. शेवटी त्यांनी मला काढलं, नीट घडी केली आणि मांडीवर घेऊन बसले.

बऱ्याच वेळानं कुलूप उघडलं. शशिकलाताई गुरुप्रसादांना सांगतच आत आल्या, "बरं झालं आठवलं. कोट इथंच राहिला होता."

मग त्यांना बाजीराव दिसले. बाजीरावांनी मला पुढं केलं.

"घ्या ताई, कोट. जागा आसंल तर मीबी येतो गाडीत."

शशिकलाताईंना तेव्हा रडूही आलं नाही. गुरुप्रसादांनी गाडी थेट मेसईदला नेली. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. ड्युटी चुकली नाही.

मी आता पुन्हा पेटीत आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला फार जपतात. माझ्यासाठी तर ते परत आले होते. गाडी सुरू करण्याआधी एवढंच बघत जा, कोट घालणारा माणूस आत बसला का.