कापसाच्या घरातले उपास

"दार लोटू नोको! कापूस सांडते!"

जानरावच्या घरी असं स्वागत. माजघरात छतापर्यंत कापूस, देवघरात कापूस, माणसं ओसरीवर. अमरावतीच्या बाजारात भाव चढत होता, अजून चढेल म्हणून तो विकत नव्हता. ज्वारी? त्या साली आम्ही सगळ्यांनीच ज्वारी सोडून पऱ्हाटी, म्हणजे कापूसच, पेरली होती. आता ज्वारी बाहेरगावाहून विकत आणायची, आणि पैसा होता तो छतापर्यंत रचलेला.

कणगीत हात घातला की तळ लागे.

सांदवाडी. घरामागचा तेवढा तुकडा जानरावच्या बायकोचा, सुभद्राचा. तिथंही तो पऱ्हाटी लावणार होता; ती वखरापुढं बसली. तिचा भाऊ चिखलदऱ्याकडून टोपलीभर आलू घेऊन आला होता. तिनं डोळा राखून फोडी केल्या, राखेत घोळून सरीत लावल्या, माती चढवत गेली. माघात पाला पिवळा पडला. उकरलं, तर मुठीएवढाले आलू.

"माह्या चुलीवर नोको," सासू पार्बताबाई म्हणाली. "मातीखालचं हाय. कांद्याचं भाऊबंद."

"रताळंबी मातीखालीच येते, आत्याबाई. थे तं उपासाले चालते."

"रताळं गोड असते."

"मंग गूळ टाकते."

महाशिवरात्र. आलू निखाऱ्यात भाजले. पार्बताबाईनं एक चाखला. दुसरा उचलला.

सकाळी कुंपणापलीकडून शेजारीण गोदाबाई: "पारनं झालं का व?"

पारण्याला भाकरी लागते. पार्बताबाई कणगीकडं न बघता म्हणाली, "आज बी उपास हाय. नवसाचा. साऱ्या घराचा."

मग सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारांनाही देव सापडले. गाव म्हणे, जानरावच्या घरी भक्ती लय. सांदवाडीतली सरी मात्र रोज आखूड होत होती.

"आता तरी विकता का?" सुभद्रानं विचारलं.

"काहून? आलू हायेत ना. हायेत तवर भाव पाहू."

तिनं हातातला आलू टोपलीत परत टाकला. तिच्याच आलूंनी कापसाचं दार आणखी घट्ट लावलं होतं.

ती उठली, कुंपणाशी गेली.

"गोदाबाई! येत्या सोमवारी आमच्या उपासाचं उद्यापन हाय. साऱ्या आळीले सांगजा. जेवाले या."

गोदाबाईला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली.

"येडी झाली का? जेवन कायचं करतं?" जानराव ओरडला.

"थे तुमी पाहा. नवस तुमच्या मायचा हाय."

जानराव मायकडं वळला. पार्बताबाईनं सुनेकडं पाहिलं; मग पदर सावरला.

"जान्या, नवस मोडला तं महादेव पाहून घेईन."

जानरावनं कापूस भरून बंडी जुंपली, बाजारात विकून ज्वारी आणली. एकच बंडी, दुसरी भरू देईना. उद्यापनाला आम्ही सगळे जेवलो. जाताना डोकावून पाहिलं: कापूस तसाच, फक्त दाराशी एका माणसाला निजता येईल एवढी जागा मोकळी झाली होती. तिथं सुभद्रानं बियाण्याच्या आलूंची टोपली ठेवली होती.