दुधाचे डबे

त्या वर्षी ब्राझीलच्या रेसीफे शहरात किमती दिवसातून दोन-तीनदा चढायच्या आणि त्या चढवायचा मी. हातात लेबलं मारायचं पिस्तूल, कमरेला लेबलांची गुंडाळी. पगाराच्या दिवशी अख्खी वस्ती आमच्या सुपरमार्केटात घुसायची आणि माझ्यापुढे पळायची. मी फळीपाशी पोचायच्या आधी जो माल उचलला, तो जुन्या भावात.

"गिल्वानभाऊ, आधी साबणाकडे जा ना!"

"राजा, मक्याचा केक आणलाय तुझ्यासाठी. तेलाला हात लावू नकोस, दहा मिनिटं."

केक खायचा आणि तेलाकडेच जायचं, हा माझा शिरस्ता. एरवी मला कुत्रं विचारत नव्हतं. त्या दिवसांत बायाबापड्या हात जोडायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

झान्दिराबाई मात्र कधी हात जोडायच्या नाहीत. दुसरीत मला शिकवायला होत्या. त्यांच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याला दुधाच्या पावडरीशिवाय काही पचत नव्हतं. सहा डबे महिन्याला लागत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शिक्षकांचा पगार झाला त्या दुपारी त्या आल्या तेव्हा मी नेमका दुधाच्या फळीपाशी उभा होतो.

"गिल्वान, बाजूला हो," त्या म्हणाल्या. वर्गात म्हणायच्या तशाच. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी बाजूला झालो. त्यांनी सहा डबे घेतले आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांग पार पावाच्या भट्टीपर्यंत गेली होती. मी सावकाश चालत गेलो आणि त्यांच्या टोपलीतल्या डब्यांवर टक्, टक्, टक् सहा नवी लेबलं मारली.

"अरे, हे मी आधीच उचललेत!"

"पैसे दिलेत का, बाई? नाही ना? मग ते दुकानाचे."

रांगेतल्यांनी आपापल्या टोपल्या अंगाजवळ ओढल्या. प्रत्येकाच्या टोपलीत काही ना काही होतंच. बाईंनी पर्स उघडून पाहिली, मिटली. मग मान खाली घालून त्या नखाने एका डब्यावरचं नवं लेबल खरवडू लागल्या. असं सगळेच करायचे, आम्ही काणाडोळा करायचो.

"चोर!" मी ओरडलो. "लेबल काढतेय!"

पहारेकऱ्याने त्यांचा दंड धरला. साठीची बाई, शाळेतली. त्याने त्यांना मागच्या खोलीत नेऊन बसवलं. मॅनेजर जेवायला गेला होता, तो दीड तासाने आला. त्याने बाईंना ओळखलं, माफी मागितली, वर कॉफीही विचारली. "घ्या तुमचं दूध आणि जा बाई, काही गैरसमज झाला असेल," म्हणाला. डबे परत फळीवर गेले होते.

बाई बाहेर आल्या तोवर त्याच मॅनेजरच्या हुकमाने मी दुधावर वाढीव भावाच्या लेबलांची दुसरी फेरी मारून मोकळा झालो होतो.

त्यांनी एक डबा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग सहातले तीन टोपलीत ठेवले. थोड्या वेळाने तिसराही परत फळीवर ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. मी वाट पाहत होतो.

"गिल्वान," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "बहिणीकडून पैसे घेऊन येते रे. धावत जाते. आज परत लेबलं लावणार आहेस का?"

पहिल्यांदाच त्यांनी हात जोडले होते.

"चार वाजता, बाई," मी म्हणालो.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.