पहिल्या पोपटीचं मडकं

भगवानाला मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, सोड आता, सगुणा. कशाला सोडू?

आमचं गाव नवी मुंबईच्या पार उत्तरेच्या टोकाला, खाडीला चिकटून. ऐरोलीचे रिक्षावाले अजून इथं यायचं म्हटलं की तोंड वाकडं करतात. डिसेंबर लागला की खाडीवरून गार वारा सुटतो आणि गावातले बाप्ये हिमालयात निघाल्यासारखे मफलर गुंडाळून फिरतात. त्याच थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरायची, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. हंगामातलं पहिलं मडकं सगळ्या गावाचं. तीस वर्षं ते मी भरलं. माझा नवरा पंढरी जाळ करायचा.

पंढरी वारला, त्यानंतरची ती पहिलीच थंडी, गेल्या सालची. मी शेंगांना मीठ-ओवा चोळत बसले होते. भगवान आला. गावकीचा पुढारी तो. शाळेत होता तेव्हापासून माझ्या हातची पोपटी खाल्लेला.

“वयनी, तू नको हात लावू,” सगळ्यांसमोर म्हणाला. “पयलं मडकं हाय. सवाशिनीनं भरलेलं बरं.”

बाकीचे शेंगा निवडत राहिले. मी हात पुसले आणि घरी आले. नखात राहिलेलं मीठ दोन दिवस झोंबत होतं.

वर्षभर मी त्याच्याशी गोड बोलले. दातओठ खात गोड बोलले.

या साली भांबुर्डा गावात उरला तो फक्त माझ्या परसातल्या बांधावर. बाकी सगळीकडं पेव्हर ब्लॉक, तेही भगवानानंच बसवलेले. त्यामुळं त्याची बायको संध्या सकाळी पिशवी घेऊन माझ्याच दारात आली. वाशीला बँकेत जाते बिचारी, स्वभावानं चांगली.

“ताई, थोडा पाला द्या ना. ह्यांनी मडकं मला भरायला सांगितलंय. मला तर टेन्शनच आलंय.”

मी कवळाभर पाला कापून दिला.

“टेन्शन कशाला घेतेस? घरात सासू हाय ना. माझ्या लग्नाआधी पयलं मडकं सरस्वतीआईच भरायची. मला तिनंच शिकवलं. तिच्या हातात दे नि तू खुशाल ऑफिसला जा.”

“ह्यांना चालेल?”

“त्याला सांगतंय कोन?”

संध्या हसली. तिला वाटलं, मी तिचं काम हलकं करतेय. तिचा सासरा जाऊन वीस वर्षं झाली, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या चांगलं ध्यानात होतं.

म्हातारीला मात्र मी फसवलं नाही. दुपारी मागच्या दारानं गेले आणि मनात काय आहे ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“नातवाच्या हलदीला मला मागच्या खोलीत बसवलं त्यानं,” ती म्हणाली. “शेंगा आन इकडं.”

संध्याकाळी खाडीकाठच्या मैदानात जाळ झाला. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे शिजलं. मडकं उघडलं तशी वाफ सुटली. पहिली मूठ मानाची, भगवानाची. त्यानं शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “सवाशिनीच्या हाताची चवच वेगली.”

एवढं तर मी मागितलंही नव्हतं. आपल्या पायानं चालत आला.

“संध्या,” मी विचारलं, “मडकं कोनी भरलं गं?”

संध्यानं मान खाली घातली.

“मी भरलं,” मागून सरस्वतीआई म्हणाली. विधवा बसतात त्या कडेच्या खुर्च्यांवर ती शाल पांघरून बसली होती.

भगवानाचं तोंड थांबलं. थुंकावं तर सगळ्या गावासमोर आईच्या हातचं थुंकायचं. गिळावं तर माझ्याशी जे बोलला तेही गिळायचं. गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. मी तर डोळे भरून बघत होते. बरं वाटत होतं मला, खोटं का बोलू?

“थुकतोस का गिलतोस?” म्हातारीनं विचारलं.

त्यानं गिळलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, धुरानं आलं असेल.

“वयनी, पुढल्या साली पयलं मडकं तूच...”

“पुढल्या सालचं पुढल्या साली,” मी म्हटलं. त्याच्या हातातलं पोपटीचं ताट घेतलं आणि कडेच्या खुर्च्यांकडं गेले. आम्ही सात जणी होतो. आधी सरस्वतीआईला वाढलं, मग तिच्या शेजारच्या गोजराला, मग एकेकीला. आमचं झाल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही, असं मीच सांगितलं, आणि कुणी लावला नाही. भगवान जाळापाशी हात चोळत उभा राहिला.

सगळ्यात शेवटी मी बसले. आणि अगदी सावकाश खाल्लं.