परत पाठवलेलं माप

मास्तरांनी दातांच्या मापाचा गुलाबी लगदा ट्रेमध्ये भरला, भिंतीकडे तोंड केलं आणि ट्रे स्वतःच्याच तोंडात दाबला. घड्याळाकडे बघत दोन मिनिटं काढायची होती. चाळिसाव्या सेकंदाला उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ट्रे ओढून काढला.

कवळ्यांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. पॉलिशवाली बाई खाली डबा खायला गेली होती, म्हणून तर हा खटाटोप. मास्तर तिच्यासोबत कधी जेवत नसत. पुढचे वरचे तीन दात पडल्यापासून ते कोणासोबतच जेवत नसत.

चोवीस वर्षं ते गावभरच्या तोंडांना कवळ्या करून देत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. दातांच्या डॉक्टरांची ओळख नव्हती असं नाही. सगळेच ओळखत होते आणि तिथंच घोडं अडत होतं. माप वाकडं आलं की मास्तर फोन उचलून त्यांना झापायचे, "पेशंटला नीट तोंड उघडायला सांगता येत नाही का तुम्हाला?" आता त्यांच्यापैकी कोणाच्या तरी खुर्चीत आडवं होऊन हे तोंड उघडायचं, या विचारानंच ते मेल्याहून मेल्यासारखे होत.

इकडे मुलीनं 'चार दिवस या' म्हणून दातांच्या कण्या केल्या होत्या. तीनदा मास्तरांनी कामाचं निमित्त सांगितलं. नातवंडांसमोर भाकरी कशात तरी भिजवून गिळायची त्यांना लाज वाटत होती. काल फोनवर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आता मी नाही विचारणार." मास्तरांना फार एकटं वाटलं. म्हणून आज हा उद्योग. आपलं माप आपणच घ्यायचं, कवळी आपणच करायची, कोणाला पत्ता लागायला नको.

त्या अर्धवट मापातच त्यांनी प्लास्टरचा साचा ओतला आणि वाळत ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, 'डॉक्टर बाहेरगावचे'. पण आलेला प्रत्येक साचा आधी बाईनं तपासायचा, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. चार वाजता त्यांच्या आधी तिचाच हात तिथं पोचला.

"मास्तर, हे माप फसलंय. टाळू आलीच नाहीये. पेशंटला उबळ आली असणार."

"चालवून घेऊ."

"तुम्ही? चालवून घेणार?"

बाईनं साच्यावरून अंगठा फिरवला.

"उजवीकडचे दात पार झिजलेत. डावीकडे दाढेपाशी नुसता किटणाचा दगड साठलाय. हा माणूस कित्येक वर्षं एकाच बाजूनं चावतोय. डावीकडे दुखत असणार."

मास्तरांनी सवयीनं चहाचा कप तोंडाच्या उजव्या कोपऱ्याला लावला. बाई बघत होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"लाजत असेल," शेवटी मास्तर म्हणाले. "लोक हसतील म्हणून."

"हसतील त्यांचे दात दिसतील," बाई म्हणाली. "आणि ते दात आपणच केलेत."

मास्तरांना एकदम हसू फुटलं आणि हात नेहमीसारखा तोंडावर गेला, तो तिथंच राहिला.

फसलेलं माप चिठ्ठीसह परत पाठवायचं, हाही त्यांचाच नियम. बाईनं चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं: 'माप पुन्हा घ्यावे. आधी डावी दाढ बघावी. पेशंट घाबरतो, घाई करू नये. उद्या अकरा वाजता येईल. सोबत बाई असेल.'

तिनं चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. वर पेन ठेवलं.

"डॉक्टरांचं नाव तेवढं राहिलंय. त्यातल्या त्यात कमी झापलंय असं कोणी आहे का?"

मास्तर बराच वेळ आठवत राहिले. मग त्यांनी पेन उचललं. टेबलावर प्लास्टरची भुकटी होती, कागद सारखा सरकत होता, एका हातानं लिहिणं काही जमेना.

त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि कागद धरला.