गुरुवारची भाकर

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि रानातली एक दगडी डोण डोळ्यांसमोर आणा. शेरडं येऊन पाणी पीत राहिली, की डोण रिती होते, ताजी भरते. ती आलीच नाहीत तर? पाणी साचतं, तळाला गाळ धरतो. चौसाळ्याकडं शेरडं राखणाऱ्या दगडाबाईला डॉक्टरांनी पोटातल्या पित्ताच्या पिशवीचं असंच समजावलं होतं.

वर्षभराच्या गोळ्यांनी तिच्या त्या पिशवीतले बारके खडे विरले होते. पण ते पुन्हा धरू शकतात, डॉक्टर म्हणाले. तेलकट कमी, भाजीभाकर वेळेवर, आणि फार वेळ उपाशी राहायचं नाही. पोट रिकामं राहिलं की पित्त साचून घट्ट होतं. शेजारच्या स्टुलावर नऊ वर्षांची नात बबिता सगळं ऐकत होती.

दगडाबाईनं मान डोलावली, घरी आली आणि नवस फेडायला लागली. खडा विरला तर वर्षभर गुरुवारी निरंकार, म्हणजे पाण्याचा घोटही नाही, असं ती देवाला बोलून बसली होती.

"गोळ्या डॉक्टरच्या, अन् फेड देवाची व्हय?" मुलगा भागवत म्हणाला.

"गोळीला गुण कुणी देला रे? माझ्या आधीची चार लेकरं गेली, म्हनून आईनं माझं नाव दगड ठिवलं, तवा मी जगले. देवाला बोललेलं मोडायचं न्हाई."



तिसऱ्या गुरुवारी उजव्या बरगडीखाली कळ आली. दगडाबाईनं तिथं हात दाबून धरला आणि कुणाला सांगितलं नाही. बबितानं मात्र पाहिलं. मागच्या खेपेला दवाखान्यात नेताना आजी जीपमध्ये पदर चावत गुरासारखी ओरडली होती, ते ती विसरली नव्हती.

रात्री तिनं आजीला सहज विचारावं तसं विचारलं, की नवस संपतो कधी. उद्यापन केल्यावर, आजीनं सांगितलं. कुमारिकेला जेवू घालायचं. त्या दिवशी ती देवीच. तिनं दिलेल्या प्रसादाला नाही म्हणायचं नसतं.

पुढच्या गुरुवारी शाळेआधी बबिता पाय धुऊन आली आणि पाट मांडून बसली.

"मी कुमारिका हाय. मला वाढ."

"आगं, वरीस कुठं भरलंय?"

"देवी दारात आल्यावर वरीस मोजत बसत्यात का, आज्जे?"

दगडाबाईला हसू आलं, मग ते मावळलं. तिनं नातीच्या कपाळाला कुंकू लावलं, ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी वाढली, आणि वाकून पाया पडली.

बबितानं एक घास खाल्ला. उरलेली भाकर मोडली आणि मोठा तुकडा आजीच्या हातावर ठेवला. दगडाबाई त्याच्याकडं बघत राहिली. शाळेची घंटा झाली, तरी बबिता जागची हलली नाही. आजीनं पहिला घास चावून गिळला, तेव्हा बबिता उठली आणि तिनं आजीला भाजी वाढली.