तीन पंख्यांचे कार्ड

सकाळचे ऊन माझ्या खोलीत थेट कधीच येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या काचेवर पडते आणि तिथून परतून, काहीसे उसने होऊन माझ्याकडे येते. त्यामुळे त्यात ऊब कमी आणि उजेड जास्त असतो. प्रथम छतावर एक फिकट, वाकडी रेघ उमटते. थोड्या वेळाने ती रुंद होते आणि भिंतीवर टांगलेल्या जाड रजयांवरून खाली उतरू लागते. आवाज शोषून घेण्यासाठी मी त्या रजया लावल्या आहेत. उन्हाला त्याचे काही नसते. ते शिवणीशिवणीवर रेंगाळते, एखाद्या उसवलेल्या धाग्यापाशी उगाच थांबते, तिथून तारांच्या गुंत्यावर येते आणि शेवटी कीबोर्डच्या पट्ट्यांवर. पांढऱ्या पट्ट्या एकामागून एक उजळतात, काळ्या तशाच राहतात. कोपऱ्यातल्या माझ्या कॉम्प्युटरपर्यंत ऊन पोचते तेव्हा त्यात जीव उरलेला नसतो. तो डबा मी स्वतः जोडला आहे. चालू आहे की बंद हे कळायला त्यावर हात ठेवून पाहावे लागते, इतका तो शांत आहे. आयुष्यात मला कसला गर्व असेल तर तो एवढाच.

त्या रविवारी ऊन पट्ट्यांवर आले होते आणि स्वयंपाकघरातून आईचे गुणगुणणे ऐकू येत होते. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेच्या शीर्षकगीताची चाल ती गुणगुणत होती. ही चाल शेजारच्या घरातून येई, रिक्षात वाजे, कचेरीतल्या शिपायाच्या फोनमधून उठे. सगळ्या शहराने ती डोक्यावर घेतली होती. ती याच खोलीत, याच कॉम्प्युटरवर तयार झाली होती, आणि पडद्यावर ‘संगीत’ या शब्दापुढे माझे नाव नव्हते.

नाव भोंग्याचे होते. कॉलेजात त्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जाई म्हणून तो भोंगा. माझा पहिल्या बाकापर्यंतही जात नसे म्हणून मी मौनी. दोन वर्षे आम्ही या खोलीत मांडीला मांडी लावून गाणी केली. मग मालिकावाल्यांना ती एक चाल आवडली. त्याने घाईघाईत फोन केला होता: “नावाचं काय करू रे?” मी म्हणालो, “तू बघ.” त्या दोन शब्दांत मी काय काय भरले होते ते ज्याला दोन वर्षांच्या सहवासानंतरही कळले नाही, त्याने ती चाल चोरलीच असे मी धरून चाललो. सूड हा शब्द धिप्पाड माणसांसाठी असतो, माझ्यासारख्याच्या वाट्याला फार तर रुसवा येतो, असे मला पूर्वी वाटे. पण रोज संध्याकाळी त्याच वेळी त्या रुसव्यावर मीठ चोळले जात होते. माझ्यात काहीतरी सावकाश धार लावत बसले होते.

दाराची घंटा वाजली, आणि घंटेपेक्षा मोठ्याने तो.

“मौनी! उठलास का रे, की अजून झोपेतच सूर लावतोयस?”

दार ताईने उघडले. “या या, संगीतकार! वाकून या हो, आमचं दार तुम्हाला आता ठेंगणं पडत असेल.”

“ताई, टोमणे नंतर मार. आधी चहा टाक.”

“टाकते. साखर तेवढी मालिकावाल्यांकडून मागवून घे.”

तो हसत आत आला आणि नेहमीसारखा जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून बसला. त्याने नोकरी सोडली होती. एका प्रकाशकाने लहान मुलांच्या गाण्यांचा संच त्याच्याकडे सोपवला होता. गाणी घरीच ध्वनिमुद्रित करून द्यायची होती.

“पण आमचं ते कॉम्प्युटरचं खटारं! चार वाद्यं लावली की पाचव्याला उचकी लागते. पट्टी आज दाबली तर सूर उद्या येतो. सगळं नवीन घ्यायचं ठरवलंय. काय घ्यायचं ते तू सांग, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“इतकी घाई कशाला?” मी विचारले.

“हा संच चांगला झाला तर पुढचं सगळं काम माझं. नाही झाला तर पुन्हा साहेबासमोर हात जोडून उभा. आणि तो साहेब तुला माहीतच आहे, हात जोडलेले दिसले की आधी पाय पुढे करतो.”

मी चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. माझ्या हाती इतके काही आपसूक कधीच आले नव्हते.

घरात गाणी करायची तर कॉम्प्युटरकडून काय हवे असते हे मी झोपेतही सांगू शकतो. भरपूर मेमरी हवी, कारण एकेका व्हायोलिनचे शेकडो नमुने त्यात मांडून ठेवावे लागतात. माइकचा आवाज निर्मळपणे आत नेणारा चांगला ऑडिओ इंटरफेस हवा. आणि या सगळ्याच्या आधी शांतता हवी: मोठे, सावकाश फिरणारे पंखे, हवा खेळती ठेवणारा डबा. माइकला दया माहीत नसते. तो गळा ऐकतो आणि गळ्यामागचा पंखाही तितक्याच आस्थेने ऐकतो.

मला वाईट वस्तू निवडायच्या नव्हत्या. वाईट वस्तू निवडणारा पकडला जातो. मी एकेक वस्तू उत्तम निवडणार होतो, मिरवावी अशी. फक्त त्या एकत्र आल्या की त्याच्या खोलीत गाणे जगू नये, एवढीच काळजी घेणार होतो. इतके मन लावून मी कधी कुणासाठी काही निवडले नव्हते.

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसला होता. मी सांगत गेलो, तो काउंटरवर खोकी मांडत गेला. सर्वांत जास्त तापणारा, सर्वांत नावाजलेला प्रोसेसर. पुढून अखंड काच असलेला, आतून रंगीत दिव्यांनी झगमगणारा डबा. त्या काचेमुळे हवेला आत शिरायला जेमतेम फट उरत होती. आणि तीन पंख्यांचे एक लांबलचक ग्राफिक्स कार्ड, ज्याने भोंग्याच्या बजेटमधला मोठा घास एकट्याने गिळला.

“यावर काम काय करणार?” दुकानदाराने विचारले.

“संगीत!” भोंग्याने सगळ्या दुकानाला सांगितले.

दुकानदाराचा हात कार्डाच्या खोक्यावर थांबला. चष्मा कपाळावरून नाकावर आला. “मग हे कशाला? हे गेम खेळणाऱ्यांचं. जुन्या घडणीचं आहे, याचे पंखे कधी थांबतच नाहीत.”

माझे कान तापले. बोललो मात्र मी शांतपणे. त्याचे मलाच नवल वाटले. “व्हिडिओचंही काम येणार आहे.”

भोंग्याने माझ्याकडे पाहिले. “येणार आहे?”

“येईल. तू आता मोठा झालास.”

त्याचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर दुसरीकडे पाहावे लागले. “ऐकलंत ना शेठ? आमचा मौनी वर्षातून चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन तुमच्या दुकानात खर्च केली. द्या हेच!”

“आणि मेमरी?”

“आठ जीबी पुरे.”

“आठ?” दुकानदार माझ्याकडे रोखून पाहू लागला. त्याला काहीतरी कळले होते, पण काय, ते कळले नव्हते.

“पुढे वाढवता येते,” मी म्हणालो. तेही खरेच होते. त्या दिवशी त्यातल्या त्यात थोडेच खोटे बोलावे लागले, याचा मला अभिमान वाटला. ऑडिओ इंटरफेससाठी बजेट उरले नाही. तो पुढच्या खेपेला घ्यायचे ठरले.

त्याच्या घरी मी तो कॉम्प्युटर दुपारभर जोडत बसलो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, एक रुंद खिडकी. टाळी वाजवली की ती तीनदा परत येईल अशी खोली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि काचेतले दिवे पाहून म्हणाली, “किती छान दिसतंय हो भावजी! ह्यांनी घेतला असता तर नुसता पत्र्याचा डबा आणला असता.”

मी बटण दाबले. प्रोसेसर तापू लागला, हवेला वाट मिळेना, पंखे एकामागून एक जोर धरू लागले. तो आवाज फरशीवर पडला, भिंतींवर चढला आणि खोलीभर पसरला.

“अगंबाई,” वहिनी म्हणाली, “घरात विमान उतरतंय की काय?”

“ताकद आहे ती, ताकद!” भोंगा पंख्यांच्या वर आवाज चढवत ओरडला, आणि त्याने मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून मला काचेत तिन्ही पंखे फिरताना दिसत होते. परतताना मी दोन स्टॉप अलीकडे उतरून पायी आलो. इतके सुख बसून सोसवत नव्हते.

मग त्याचे फोन येऊ लागले. ते मी साखर चघळावी तसे ऐकत असे.

“मौनी, पंख्यांचा आवाज येतोय रे गाण्यात.”

“सवय होईल. माइक लांब ठेव.”

“लांब ठेवला तर मीही लांब जातो. असं वाटतं, शेजारच्या घरात कुणीतरी गातंय.”

त्याने डबा कपाटात कोंडला; तो तापून ऐन गाण्यात बंद पडला. डोक्यावरून चादर घेऊन गाऊन पाहिले. वहिनी हसून हसून बेजार झाली, पंखे तसेच राहिले. व्हायोलिनचा ताफा लावला की आठ जीबी मेमरीचा श्वास कोंडे आणि सगळा वाद्यवृंद जागच्या जागी गोठून जाई. मी सहानुभूतीचे हुंकार देत असे. फोन ठेवल्यावर माझ्या शांत कॉम्प्युटरसमोर बसून मी मनातल्या मनात त्याची खोली ऐकत असे, अगदी एकेक पंखा वेगळा काढून.

शेवटी प्रकाशकाने गाणी परत पाठवली. त्याने म्हटले होते, पोरांना निजवायचे गाणे आहे आणि मागे पिठाची गिरणी चालू आहे. शुक्रवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर दुसरा माणूस पाहतो.

त्या सकाळी घंटा वाजली, पण हाक आली नाही.

“काय रे,” ताई म्हणाली, “आज भोंगा वाजला नाही तो?”

“बॅटरी उतरलीय, ताई.”

ताई न मागता चहा टाकायला गेली. तो माझ्या खोलीत येऊन उभाच राहिला. “माझी खोलीच दळभद्री आहे रे. तू एवढं चांगलं निवडून दिलंस, आणि मला ते वापरता येत नाही.” त्याने मान खाली घातली. “शुक्रवारपर्यंत इथे गाऊ दे.”

त्याचा विश्वास अजून शाबूत होता. मला लाज वाटायला हवी होती. मला मजा वाटली. नाही म्हणणे सोपे होते, पण मग तो दाराबाहेर कुठेतरी हरला असता. मला ते हरणे डोळ्यांसमोर हवे होते. मी म्हणालो, “बस.”

दोन गाणी सरळ झाली. तिसरे, निजवायचे गाणे, अंतऱ्यावर अडले. प्रकाशकाला तो अंतरा नवा हवा होता. भोंगा जमिनीवर बसला, पलंगाला पाठ, डोळे मिटलेले, बोटाच्या पेराने गुडघ्यावर ठेका. निरर्थक अक्षरे म्हणत तो वर जाई, चुके, परत येई. मी कानांवर हेडफोन लावून त्याच्या प्रत्येक चुकीची वाट पाहत होतो. आता घसरेल, आता थकेल, आता उठून म्हणेल की जमत नाही.

मग एक ओळ वर गेली, जिथे वळायला हवे तिथे अलगद वळली आणि खाली येताना एका सुरावर अशी थबकली, जशी आई झोपलेल्या मुलाच्या अंगावरचा हात काढण्यापूर्वी थबकते. माझ्या हाताने ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले होते. ते मी दाबले असे मला म्हणवत नाही. मी पट्टीवर त्याचा सूर शोधला, खाली एक मऊ बासरी लावली. दुसऱ्या ओळीतला एक सूर जरा आधी येत होता, तो केसभर मागे सरकवला. ऐकवले.

त्याने डोळे उघडले. “अरे, हे मी म्हटलं?”

“तूच म्हटलंस.”

“काय सजवलंस रे!” त्याचा आवाज परत आला होता, पलीकडून ताईने “वाजला, वाजला!” म्हटले. तो जरा थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “या वेळी विचारणारच नाही. दोघांची नावं घालतो. मागच्या वेळी तू ‘बघ’ म्हणालास आणि मी गाढवासारखा खरंच एकटा बघून मोकळा झालो.”

इतके दिवस ज्याच्यासाठी मी धार लावत बसलो होतो, ते त्याने असे सहज माझ्यापुढे ठेवले. तो पुन्हा डोळे मिटून गुडघ्यावर ठेका धरू लागला, आणि मी त्या पेराकडे पाहत राहिलो.

त्याही दिवशी तो इथेच बसला होता, आणि मी या खुर्चीवर होतो. वाद्य मी निवडले होते. एक सूर मी मागे सरकवला होता. मग एकटा असताना ती चाल मी इतक्या वेळा गायलो की माझ्या गळ्याने तिला आपली मानली, आणि मी गळ्याला कधी टोकले नाही.

मालिकेची ती चाल त्याने केली होती.