दार लावून केलेली पूजा

आमच्या लिंगवंतात नवरा-बायको समोरासमोर बसून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत्यात. सात वर्सं आमीबी केली. मग एक दिवस ह्यांनी एकट्यानंच पूजेला बसून दार लावून घेतलं, आन् त्याच आठवड्यात अंथरूण माडीवर नेलं.

"माजं काय चुकलं?" मी इचारलं.

"काय न्हाई," म्हणाले.

आमचे मालक गुरुबसप्पा, गुळाचे अडते. बाजारात कुणाला बोलण्यात हार जायचे न्हाईत, घरात तोंडाला कुलूप. मूल न्हवतं, त्याचं दुःख होतंच. पण मला ह्यांचा हात पाठीवर पायजे होता. लाज कशाची? सात म्हयनं शेजारची उशी चाचपत झोपले मी.

मला वाटलं, हे विरक्त व्हायला निघाले. न्हाव्याकडं जाणंबी बंद झालेलं. तरी दाढी वाढलेली दिसंना, हे माज्या टकुऱ्यात शिरलं न्हाई. मी तडक आमच्या गुरूंकडं, अय्यांकडं गेले आन् गाऱ्हाणं घातलं.

सोमवारी सकाळी अय्या घरी आले. "गुरुबसप्पा, आज माज्यासमोर पूजा कर."

गुरूला न्हाई कोण म्हणणार? ह्यांनी सदरा काढला. छाती वयात आलेल्या पोरीसारखी वर आली होती. डाव्या तळहातावर लिंग, म्हणून झाकायला उजवाच हात उरला. अय्यांनी नजर खाली घातली. माज्या माणसाला मीच उघडं पाडलं होतं, आन् मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

अय्यांनीच डाक्तरकडं धाडलं. डाक्तरनं पोट दाबून बघितलं. "पिता किती?"

"थेंबबी न्हाई," हे म्हणाले.

डाक्तरनं भुवई वर केली, तशी माजी जीभ सुटली. "गळ्यात लिंग हाय त्यांच्या. दारू कुटली? गूळ खात्यात. दिवसाला चाळीस ढेपा फोडून चाखायच्या, धंदाच हाय तो."

डाक्तर मग नीट बोलला. लिव्हरवर चरबी चढलीय. पुरुषाच्या अंगातबी बाईचं हार्मोन थोडं असतं, ते लिव्हर निपटून टाकतं. लिव्हर थकलं की ते साचतं, पुरुषाचं कमी पडतं, म्हणून छाती वाढती, दाढी थांबती. गूळ बंद करा, वजन उतरवा, लिव्हर सुधारंल.

"आन् बाकीचं? मूलबाळ?" मी इचारलं.

"त्याचा भरवसा देता येत नाही."

घरी आल्यावर हे माडीवर जाऊन सतरंजीवर बसले. मी मागनं गेले.

"तू अजून तिशीची न्हाईस," भिंतीकडं बघत म्हणाले. "आपल्यात उडकी चालती. दुसरं लगीन लाव. मी आडवा येणार न्हाई."

माजं डोकं फिरलं. "सात म्हयनं एकट्यानं हेच ठरवत बसला व्हय? मला एकदा तरी इचारलं का?"

"इचारून काय? तुला मूल पायजे."

"पायजे की. खोटं कशाला बोलू? मूलबी पायजे, तुमीबी पायजे. दोन्ही मिळंल असं डाक्तर म्हणत न्हाई. मग दोन्हीतलं एक तरी राहू द्या मला."

ते सतरंजीवर थोडे सरकले, माज्यापुरती जागा केली.